कुत्री माजावर येते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मादी पिल्लू घरी आणलं की पहिले काही महिने शी-शू, लसी आणि कुरतडलेल्या चपला यांतच जातात. मग एक दिवस फरशीवर लाल थेंब दिसतात आणि घरात धावपळ सुरू होते. लोकांचे बहुतेक प्रश्न त्या रक्ताबद्दलचे असतात. खरं सांभाळायचं असतं ते रक्त फिकट झाल्यावर आणि सगळं शांत झाल्यावरही. त्यामुळे खालच्या काही उत्तरांना जरा जास्तच जागा दिली आहे.

पहिल्यांदा माजावर कधी येते?

साधारण सहा महिने ते वर्षभरात. पॉमेरेनियन, डॅशहंड अशा लहान चणीच्या जाती लवकर येतात, कधी पाचव्या-सहाव्या महिन्यातच. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारख्या थोराड जातींना दीड-दोन वर्षंही लागतात. दोन वर्षं उलटली तरी काहीच हालचाल नसेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवा.

रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाचं नेमकं वय माहीत नसतं. तिथे दातांकडे बघायचं. दुधाचे दात पडून पक्के सुळे पूर्ण आले, की ती साधारण सहा-सात महिन्यांची झाली. तिथून पुढे तयारीत राहा.

ही तिची ‘पाळी’च ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. बाईला पाळी येते ती गर्भ राहिला नाही म्हणून. गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. कुत्रीचं रक्त त्याच्या आधीच्या टप्प्यात येतं. अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. म्हणजे हे रक्त ‘संपलं’ असं सांगत नाही, ‘आता सुरू होतंय’ असं सांगतं. ‘रक्त थांबलं, चला सुटलो’ म्हणून लोक नेमक्या चुकीच्या दिवशी पट्टा सोडतात.

आणखी एक फरक. कुत्रीचा माज वयानुसार कायमचा जात नाही. म्हातारपणी दोन माजांमधलं अंतर वाढतं, लक्षणं पुसट होतात, पण माज येतच राहतो. दहा वर्षांच्या कुत्रीलाही दिवस जाऊ शकतात, आणि त्या वयात ते तिच्या जिवावर बेतू शकतं.

सगळं मिळून किती दिवस चालतं?

बाहेरून दिसणारा माज सरासरी तीन आठवड्यांचा. पहिले नऊएक दिवस योनीमुख सुजतं, रक्त येतं, नर मागे लागतात पण ती कोणाला जवळ येऊ देत नाही. गुरगुरते, खाली बसते. पुढचे नऊएक दिवस ती नराला स्वीकारते. हे आकडे सरासरीचे आहेत. एखादीत पहिला टप्पा तीन दिवसांत उरकतो, एखादीत सतरा दिवस रेंगाळतो.

त्यानंतरचे दोन महिने बाहेरून काहीच दिसत नाही, पण शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेलं असतं. गंमत अशी की गर्भ असो वा नसो, ते जवळपास तितकेच दिवस चढलेलं राहतं. खोटं गर्भारपण आणि गर्भाशयात पू होणं या दोन्हींचं मूळ इथेच आहे. त्यांचे प्रश्न पुढे येतील. मग चारएक महिने विश्रांती, आणि पुन्हा पहिल्यापासून.

गर्भ राहण्याचे नेमके दिवस कोणते?

‘दहावा ते चौदावा दिवस’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं. पुष्कळ कुत्र्यांच्या बाबतीत ते जुळतंही. पण त्या भरवशावर बाकीचे दिवस मोकळं सोडू नका. काहींचं बीज सहाव्या-सातव्या दिवशीच सुटतं, काहींचं विसाव्या दिवसानंतर. त्यात कुत्रीचं बीज सुटल्या सुटल्या फळत नाही, ते पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. उलट नराचं वीर्य तिच्या शरीरात पाच-सात दिवस तग धरतं. त्यामुळे ‘आठव्याच दिवशी झालं होतं, काही होणार नाही’ या बोलण्याला अर्थ नाही.

घरी ओळखण्याच्या दोन खुणा सांगते. सकाळी एकदा पांढरा टिश्यू पेपर हलकेच टेकवून बघा. सुरुवातीला डाग गडद लाल उमटतो. पुढे तो फिका होत होत गुलाबी, मग पेंढ्याच्या पिवळसर रंगावर येतो. त्याच सुमाराला सुजून टणक झालेलं योनीमुख थोडं मऊ पडतं. दुसरी खूण शेपटीची. शेपटीच्या मुळाशी पाठीवर बोटांनी खाजवा. ती मागचे पाय ताठ करून उभी राहिली आणि शेपटी एका बाजूला वळवली, की समजा ती नराला स्वीकारण्याच्या दिवसांत आहे. मात्र काही कुत्र्यांचं रक्त शेवटपर्यंत लालच राहतं, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

नियम सोपा ठेवा. पहिला थेंब दिसला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा आणि तिथून पूर्ण चार आठवडे तिला एकटी, पट्ट्याशिवाय सोडू नका. ज्यांना मुद्दाम जोड लावायची असते ते दिवस मोजत बसत नाहीत. ते रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनची तपासणी करून घेतात किंवा डॉक्टरांकडून योनीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेतात.

रक्त दिसलंच नाही, तरी गल्लीतले कुत्रे दारात बसलेत. असं होतं का?

होतं. काही कुत्र्या स्वतःला इतक्या चाटून स्वच्छ ठेवतात की फरशीवर थेंबही पडत नाही. काहींचा माज मुळातच ‘मुका’ असतो. बीज सुटतं पण बाहेर फारसं काही दिसत नाही. तुमच्यापेक्षा कुत्र्यांच्या नाकावर विश्वास ठेवा.

तरुण कुत्रीच्या पहिल्या-दुसऱ्या खेपेला आणखी एक प्रकार दिसतो. रक्त येतं, आठ दिवसांत बंद होतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होतं. हा फसलेला माज असतो. खरा तो दुसरा. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करायची.

वर्षातून किती वेळा? आणि ते भाद्रपदाचं काय?

घरच्या कुत्र्या सरासरी सहा-सात महिन्यांनी येतात. चार महिन्यांनी येणारी आणि वर्षातून एकदाच येणारी, दोन्ही निरोगी असू शकतात. बसेंजी ही आफ्रिकी जात तर वर्षातून एकदाच येते. तुमच्या कुत्रीचं अंतर काय, हे दोन-तीन खेपांच्या तारखा लिहून ठेवल्या की कळतं. नेहमीचं अंतर एकदम बिघडलं तर ती सांगण्यासारखी गोष्ट आहे.

भाद्रपदाची म्हण उगीच पडलेली नाही. आपल्याकडची रस्त्यावरची कुत्री बरीचशी हंगामी असतात. पावसाळा सरता सरता टोळक्यानं फिरणारे नर दिसतात, भांडणं वाढतात आणि दिवाळीनंतर थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात. गाभणकाळ साधारण त्रेसष्ट दिवसांचा, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. घरातल्या कुत्रीला मात्र भाद्रपदाचं बंधन नाही, ती चैत्रातही येईल. पण गणपतीच्या सुमारास ती माजावर आली तर बाहेर नरांची गर्दी जास्त असणार, हे गृहीत धरा.

घरात शिवाशिव पाळतात. तिला या दिवसांत बाहेर बांधावं का?

हा प्रश्न लोक जरा आवाज खाली आणून विचारतात. देवघराचं दार लावून घ्यायचं असेल तर खुशाल लावा, तो तुमच्या घरचा प्रश्न. पण तिला अंगणात किंवा पार्किंगमध्ये बांधणं म्हणजे नरांना आमंत्रण. बांधलेली कुत्री पळूही शकत नाही आणि कुंपण तर कुत्र्यांना अडवतच नाही. या तीन-चार आठवड्यांत तिची जागा घरातच.

डागांचा त्रास होत असेल तर एक खोली ठरवा, जुन्या चादरी अंथरा. बाजारात कुत्र्यांसाठी धुता येणाऱ्या चड्ड्या मिळतात. लहान मुलाच्या जुन्या चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडूनही काम भागतं. ती दिवसभर चढवून ठेवू नका, ओलसरपणानं पुरळ उठतं, आणि तिला चाटायलाही मिळालं पाहिजे. आणि चड्डीनं नर अडत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

आंघोळ घालायला हरकत नाही. तो भाग फक्त कोमट पाण्यानं पुसा. डेटॉल, सॅव्हलॉन काही नको. पाण्यात अत्तर किंवा कापूर टाकून वास लपत नाही.

फिरायला कसं न्यायचं? सोसायटीत तर पाचसहा कुत्रे आहेत.

न्यायचंच, कारण या दिवसांत तिला लघवी जास्त वेळा होते. माजातली कुत्री ठिकठिकाणी थोडी थोडी लघवी करते. ती तिची खबर देण्याची पद्धत आहे. म्हणूनच तुमच्या इमारतीच्या जिन्यापाशी किंवा गेटजवळ तिला करू देऊ नका, नाहीतर मुक्कामाला येणारे नर तुमच्याच दारात येतील. शक्य असेल तर गाडीत घालून किंवा उचलून थोडं लांब न्या. घरी फिनाइलऐवजी आधी साध्या साबणानं लघवीची जागा धुऊन काढा.

वेळ बदला. पहाटे आणि रात्री उशिरा रस्त्यावरच्या कुत्र्यांचं राज्य असतं, त्यामुळे उलट उजेडात, माणसांच्या वर्दळीत नेणं बरं. लांब सुटणारा दोरीचा पट्टा नको, आखूड आणि पक्का हवा. गळपट्टा सैल असेल तर आधी बदला. एरवी आज्ञाधारक असलेली कुत्री या दिवसांत हाक ऐकत नाही आणि मान मागे ओढून पट्ट्यातून निसटते. लहान मुलाच्या किंवा आजी-आजोबांच्या हातात पट्टा देऊ नका. दोन-तीन नर एकदम आले तर त्यांच्यात जुंपते आणि चावा बसतो तो पट्टा धरणाऱ्याला.

वॉचमनला आणि घरकाम करणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगून ठेवा. कचरा द्यायला दार उघडलं, तेवढ्यात पळाली, अशाच गोष्टी जास्त घडतात. शेतावरच्या किंवा वाड्यातल्या कुत्रीला तर रात्री कुलूप लागणारी खोलीच हवी.

घरात नरही आहे, पण तो तिचा सख्खा भाऊ आहे.

कुत्र्यांना नातं कळत नाही. भाऊ, बाप, मुलगा, कोणीही असला तरी जोड लागते. सहा-सात महिन्यांचं ‘अजून लहान’ वाटणारं नर पिल्लूही यात आलं. मधे एक दार ठेवून भागत नाही, कारण तो रात्रभर रडतो, जेवण सोडतो आणि दार ओरबाडतो. सगळ्यात शांत उपाय म्हणजे दोघांपैकी एकाला तीन-चार आठवडे नातेवाइकांकडे पाठवणं. नराची नसबंदी नुकतीच झाली असेल तरी महिनाभर तो फळवू शकतो.

दोघं अडकलेत. काय करू?

काहीही करू नका. नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेला फुगवटा आत असताना सुजतो आणि मादीचे स्नायू आवळतात. साधारण पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, क्वचित त्याहून जास्त वेळ ते तसेच राहतात, बहुधा पाठीला पाठ लावून. ओढून काढलं, काठी मारली, गरम पाणी ओतलं तर दोघांनाही इजा होते. आणि अडकेपर्यंत वीर्य आत गेलेलंच असतं, त्यामुळे सोडवून उपयोगही काही नाही. पोरांना दगड मारू देऊ नका. मादीला शांत धरून ठेवा, सुटल्यावर घरी न्या आणि तारीख लिहा.

नको असताना जोड लागली. आता?

पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांना गाठा आणि तारखा सांगा. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या, पपई, गूळ, असलं काही देऊ नका. पूर्वी सर्रास दिलं जाणारं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन आज टाळलं जातं. त्यानं गर्भाशयात पू होण्याचा आणि अस्थिमज्जा निकामी होण्याचा धोका आहे. कोणी सहज ‘एक सुई मारून टाकू’ म्हणालं, तर ती कोणती हे विचारा. प्रोजेस्टेरॉनचं काम रोखणारी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी तपासून, वेळ बघून द्यायची असतात. तिच्याकडून पुढेही पिल्लं नको असतील तर नसबंदी हा सगळ्यात सरळ मार्ग.

गर्भ आहे की नाही हे पंचवीस-तीस दिवसांनी सोनोग्राफीत दिसतं. किती पिल्लं आहेत हे मोजायला एक्स-रे लागतो, तो पंचावन्न दिवसांनंतर. आणि हो, एकदा जोड लागली म्हणून पहारा उठवू नका. एकाच वेतात दोन-तीन बापांची पिल्लं असू शकतात.

माज थांबवायचं इंजेक्शन मिळतं म्हणे?

मिळतं, स्वस्तही असतं, म्हणून मागणी असते. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं असतं. गर्भाशयात पू, स्तनांच्या गाठी, मधुमेह हे त्याचे माहीत असलेले धोके आहेत. लग्नकार्य किंवा गावची सुट्टी तोंडावर आली म्हणून ते देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, म्हणजे तब्येत चांगली राहते असं म्हणतात.

याला वैद्यकीय आधार नाही. बाळंतपणानं ना तिचा स्वभाव सुधारतो, ना आजार टळतात. सात-आठ पिल्लांना चांगली घरं शोधणं किती अवघड आहे ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. तरीही पिल्लं हवीच असतील तर पहिल्या माजात नाही. पिल्लं विकण्यासाठी कुत्री पाळणाऱ्यांना केंद्र सरकारचे २०१७ चे नियम लागू आहेत. त्यांत मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय जोड लावता येत नाही आणि आयुष्यात पाचहून जास्त वेतं घेता येत नाहीत.

जोड लागली नाही, तरी दोन महिन्यांनी दूध आलं!

खोटं गर्भारपण. वर सांगितलेलं प्रोजेस्टेरॉन दोन महिन्यांनी उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं, आणि शरीराला वाटतं की आपण व्यालो. ती कपाटाखाली बिछाना करते, सॉफ्ट टॉय किंवा मोजा पिल्लासारखा सांभाळते, कोणी जवळ गेलं तर गुरगुरते. बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. स्तन पिळून दूध काढू नका, शेकू नका. जितकं काढाल तितकं येत राहतं. चाटत असेल तर लक्ष दुसरीकडे वळवा, फिरणं वाढवा, खेळणी हळूच उचला. स्तन लाल, गरम, दुखरे झाले किंवा ती खाईनाशी झाली तर डॉक्टर गोळ्या देतात. या अवस्थेत नसबंदी करत नाहीत, कारण संप्रेरक एकदम घसरून हाच त्रास लांबू शकतो.

माज संपून महिना झाला. ती खूप पाणी पितेय आणि मलूल आहे. उन्हामुळे असेल का?

असं समजून थांबू नका. माज संपल्यावर चार ते आठ आठवड्यांत, मधल्या वयाच्या किंवा म्हाताऱ्या कुत्रीत ही लक्षणं दिसली, तर पहिला संशय पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू झाल्याचा घ्यायचा. या लेखातलं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर हे राहू दे.

होतं असं. माजाच्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असतं, तेव्हा जंतू आत शिरतात. मग प्रोजेस्टेरॉनमुळे आतलं अस्तर जाड होतं, स्राव साठतो, स्नायू ढिले पडतात, तोंड मिटतं. जंतूंना आयतं घर मिळतं. त्यांचं विष मूत्रपिंडांवर परिणाम करतं, म्हणून तहान आणि लघवी वाढते. पुढे उलट्या, जेवण बंद, पोट फुगणं, मागचे पाय लटपटणं.

तोंड थोडं उघडं राहिलं तर मागून घाण वासाचा, तपकिरी किंवा पिवळट स्राव येतो आणि संशय घरीच येतो. तोंड पूर्ण मिटलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक. गर्भाशय फुटू शकतं. ताप असेलच असंही नाही. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत, नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा दहा वर्षांच्या वयापर्यंत या आजारात सापडलेला दिसला. म्हणजे हा दुर्मीळ प्रकार नाही.

सोनोग्राफी आणि रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या, रविवार असला तरी. सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन तिला सावरायचं आणि ऑपरेशन करून गर्भाशय, अंडाशय काढायचे, हा नेहमीचा उपचार. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तिथे ऑपरेशनची सोय कोणत्या वेळेत असते, हे गरज पडायच्या आधीच विचारून ठेवा.

माज संपून बरेच दिवस झाले तरी रक्ताचे थेंब पडतायत.

रस्त्यावरच्या नराशी कधी जोड लागली असेल तर टीव्हीटी नावाची गाठ तपासून घ्या. समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा हा कर्करोग आपल्याकडे सर्रास दिसतो. योनीत मांसल, खडबडीत, लगेच रक्त येणारी वाढ असते. नाव ऐकून घाबरू नका. दर आठवड्याला शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. गाठ नसेल तर लघवीचा संसर्ग, अंडाशयातली गाठ वगैरे कारणं डॉक्टर शोधतील.

नसबंदी केव्हा करावी?

माजात असताना शक्यतो नको; रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होतो. माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, सगळं शांत असताना करतात. पायोमेट्रा झाला तर अर्थात वाट बघायची नसते.

पहिल्या माजाआधी करावी की नंतर, यावर डॉक्टरांतही दोन मतं आहेत. लवकर केली तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो, असं १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासापासून सांगितलं जातं. पुढे त्या पुराव्याच्या भक्कमपणावर प्रश्नही उभे राहिले. मोठ्या जातींत फार लवकर केली तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात, म्हणून लॅब्रडॉर, गोल्डन, शेफर्डच्या बाबतीत वाढ पूर्ण होऊ देतात. काही कुत्र्यांना नंतर झोपेत लघवी गळते, त्यावर औषध आहे. वजन वाढतं हे खरं, पण ते बहुतेक वाटीतल्या चपात्यांमुळे. ऑपरेशननंतर खाणं थोडं कमी करा.

गल्लीतल्या कुत्रीची नसबंदी कोण करतं?

प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार ही जबाबदारी महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीची आहे, आणि नसबंदीबरोबर रेबीजची लसही द्यायची असते. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. कुत्री दिसली की आधी कान बघा. खाच असेल तर तिला पुन्हा पकडायला लावू नका. पावसाळ्याच्या आधी अर्ज दिलेला बरा, भाद्रपदात गाड्या मिळत नाहीत.

नसबंदी झालीय, तरी ती माजावर आल्यासारखी वागतेय.

योनीमुख सुजलंय, नर मागे लागलेत, आणि हे दर काही महिन्यांनी होतंय, असं असेल तर ऑपरेशनमध्ये अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. तसं असताना गर्भ राहणार नाही, पण संप्रेरकं काम करत राहतात. अशी लक्षणं असतानाच तिला डॉक्टरांकडे न्या. पेशींची आणि रक्ताची तपासणी त्याच दिवसांत उपयोगी पडते. लक्षणं ओसरल्यावर नेलं तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही.